प्रामाणिकपणाचा रिपोर्ट



गेल्या अंकात आपण मधुमेहींनी पायांची निगा कशी राखावी, हे पाहिले. आजचा विषय वरवर पाहता आरोग्याचा नाही. नोकरीसाठी घेतल्या जाणाऱ्या एका चाचणीविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे. परंतु त्या चाचणीचा निकाल घेऊन एक तरुण माझ्या दवाखान्यात आला आणि त्याची झोप, भूक व रक्तदाब ही तिन्ही त्या निकालाने बिघडली होती. जे झोप आणि भूक बिघडवते ते आरोग्याच्या सदरात यायलाच हवे, असे मला वाटते.

तरुण आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला. वय तेवीस, वाणिज्य शाखेचा पदवीधर. घरी भाताची थोडी खाचरे आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करण्याचे काम. वडील त्याला घेऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टर, पोरगं जेवत नाय. रात्र रात्र पडवीत बसून ऱ्हातंय. इचारलं तर बोलत बी नाय."

मी वडिलांना बाहेर बसायला सांगितले. मुलाचा रक्तदाब या वयाला शोभणार नाही इतका होता, नाडी जलद होती. थायरॉइडची शंका आली म्हणून रक्त तपासायला पाठवले. पुढे तो अहवाल निर्दोष आला. हळूहळू तो बोलू लागला. पुण्याकडील एका वित्तसंस्थेत वसुली विभागातील नोकरीसाठी त्याने अर्ज केला होता. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, मुलाखत चांगली झाली. मग मोबाइलवर एक प्रश्नावली आली. साठ प्रश्न, अर्धा तास. दोन दिवसांनी संदेश आला, "सचोटी मूल्यमापनात अपात्र". गावातील आणखी एका मुलाने त्याच जागेसाठी अर्ज केला होता, त्यामुळे बातमी गावात पोहोचायला वेळ लागला नाही.

"डॉक्टर, त्यात एक प्रश्न होता," तो म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू न विचारता कधी घेतली आहे का? मी 'हो' लिहिलं. सातवीत असताना शेजारच्या काकांच्या झाडाखालचा हिरडा गोळा करून विकला होता. चाळीस रुपये आले होते. पुढचा प्रश्न होता, त्याचं मूल्य किती? तेही लिहिलं."

मी विचारले, "खरे का लिहिलेस?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "प्रामाणिकपणाचीच परीक्षा होती ना?"

या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबलो आणि त्यानंतर काही आठवडे या चाचण्यांविषयी मिळेल ते वाचत राहिलो. मी मानसशास्त्राचा तज्ज्ञ नाही, तालुक्याच्या ठिकाणचा साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. मात्र चाचणी म्हणजे काय, ती किती सांगते आणि कोठे फसवते, हा प्रश्न आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या व्यवहारातला आहे. त्याच नजरेने आपण याकडे पाहू.

या चाचण्या आहेत तरी काय?

कर्मचाऱ्याची सचोटी मोजू पाहणाऱ्या लेखी चाचण्यांची सुरुवात अमेरिकेत १९४०च्या दशकाच्या अखेरीस झाली. त्यांना खरा बहर आला तो १९८८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेच्या संसदेने कायदा करून बहुतेक खासगी मालकांना नोकरी देण्यापूर्वी 'लाय डिटेक्टर' यंत्राची चाचणी घेण्यास मनाई केली. यंत्र गेले आणि त्याची जागा कागदाने घेतली. आता कागदाची जागा मोबाइलने घेतली आहे, एवढेच.

या चाचण्या स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात थेट विचारतात. चोरीविषयी तुमचे मत काय, बहुतेक लोक संधी मिळाली तर हात मारतात असे वाटते का, तुम्ही स्वतः कधी काही घेतले आहे का. दुसऱ्या प्रकारात आडवळणाने विचारतात. तुम्ही वेळ पाळता का, तुम्हाला लवकर राग येतो का, धोका पत्करायला आवडतो का. या उत्तरांवरून माणसाच्या जबाबदारपणाचा अंदाज बांधला जातो.

या चाचण्या अगदीच निरर्थक आहेत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ओन्स, विश्वेश्वरन आणि श्मिट या संशोधकांनी १९९३ साली शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. चाचणीतील गुण आणि पुढे दिसलेली कामगिरी यांच्यातील संबंध त्यांना सुमारे ०.४१ इतका आढळला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, असे हे माप. परंतु २०१२ साली दुसऱ्या एका गटाने अधिक काटेकोर निकष लावून असाच आढावा घेतला, तेव्हा हा आकडा ०.१५ च्या आसपास उतरला. शिवाय चाचण्या विकणाऱ्या मंडळींनी केलेल्या अभ्यासांत आकडे मोठे आणि इतरांनी केलेल्या अभ्यासांत लहान, असा फरकही दिसून आला. औषधांच्या बाबतीत हा अनुभव आम्हाला नवा नाही.

०.१५ चा व्यावहारिक अर्थ असा, की माणसामाणसांच्या कामगिरीतला जो फरक असतो त्यातला जेमतेम दोन टक्के भाग ही चाचणी सांगते. मोठ्या समूहाविषयी अंदाज बांधायला याचा थोडा उपयोग होईल. समोर बसलेल्या एका मुलाच्या कपाळावर शिक्का मारायला मात्र तो पुरेसा नाही.

विडालची गोष्ट

आपल्यापैकी अनेकांनी तापात 'विडाल' तपासणी केली असेल. फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी १८९६ साली शोधलेली ही चाचणी विषमज्वरासाठी आजही सर्रास वापरली जाते. ज्यांना पूर्वी कधी हा आजार होऊन गेला, ज्यांनी लस घेतली, किंवा ज्यांच्या शरीरात दुसऱ्याच जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली, अशा माणसांतही ती 'पॉझिटिव्ह' येऊ शकते. म्हणून ताप नसलेल्या माणसाची विडाल करू नये आणि केवळ कागदावरील आकड्यासाठी कोणाला प्रतिजैविके देऊ नयेत, असे शहाणा डॉक्टर मानतो. रिपोर्टला औषध द्यायचे नसते, माणसाला द्यायचे असते.

सचोटीच्या चाचणीलाही हेच गणित लागू पडते. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, नोकरीसाठी १०० उमेदवार आले. त्यांतले ५ खरोखर लबाड आहेत आणि ९५ सरळ. चाचणी बऱ्यापैकी चांगली आहे, दर १०० वेळा ८० वेळा बरोबर ठरते. ती ५ लबाडांपैकी ४ पकडील. पण ९५ सरळ माणसांपैकी वीस टक्के, म्हणजे १९ जणांनाही ती लबाड ठरवील. एकूण २३ जण नापास झाले, त्यांतले १९ निर्दोष. दर सहा नापासांमागे जवळजवळ पाच जण विनाकारण कलंकित झाले. आणि जो पाचवा लबाड निसटला, तो 'सचोटीचा' शिक्का घेऊन तिजोरीच्या किल्ल्या सांभाळायला बसला!

हे गणित माझ्या पदरचे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली लाय डिटेक्टरविषयी अहवाल प्रसिद्ध केला. १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत असे धरले आणि त्यांतले ८ सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर १,५९८ निरपराध माणसेही जाळ्यात सापडतील, असा हिशोब त्यांनी मांडला. जे दुर्मीळ असते ते शोधणारी चाचणी निर्दोषांना अधिक दुखावते. कर्करोगापासून चोरीपर्यंत हा नियम सारखाच आहे.

संस्थेच्या दृष्टीने यात फारसे बिघडत नाही. जागा एक, अर्ज शंभर, कोणाला तरी वगळायचेच होते. बिघडते ते पडवीत बसलेल्या त्या मुलाचे. त्याला कोणी असे सांगितले नाही, की 'तू गळालास'. त्याला सांगितले, की 'तू अप्रामाणिक आहेस'. या दोन वाक्यांत महदंतर आहे.

खरे बोलणाऱ्याची कोंडी

या प्रश्नावल्यांत आणखी एक खुबी असते. 'मी आयुष्यात कधीही खोटे बोललो नाही', 'मला कधीही कोणाचा राग आला नाही' अशी काही वाक्ये मुद्दाम पेरलेली असतात. त्यांना फार वेळा 'होय' म्हणणारा माणूस स्वतःला उजळून दाखवतो आहे, असे समजतात. कल्पना चांगली आहे. तथापि याच प्रश्नावलीत पुढे 'कधी काही उचलले का' असेही विचारतात आणि तेथे 'होय' म्हणणाऱ्याचे गुण जातात. म्हणजे फार निर्मळ दिसलात तर खोटारडे आणि आपली चूक कबूल केलीत तर चोर. या दोहोंमधली अरुंद वाट ज्याला ठाऊक आहे, तो पार होतो. ती वाट क्लासवाल्यांना ठाऊक असते, हिरडा वेचणाऱ्याच्या मुलाला नसते.

याहून वाईट प्रकारही आपल्याकडे चालतात. हस्ताक्षरावरून किंवा बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगतो म्हणणारे लोक शाळांत आणि कंपन्यांत फिरत असतात. त्यांच्या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही. तरीही 'अगदी माझेच वर्णन केले' असे लोक म्हणतात. त्याचे कारण १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा अहवाल' म्हणून कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता.

शरीर खोटे बोलत नाही?

'तोंड खोटे बोलेल, शरीर कसे बोलेल?' असे आपल्याला वाटते. लाय डिटेक्टरचे, म्हणजे पॉलिग्राफचे, तत्त्व हेच. रक्तदाब, नाडी, श्वास आणि तळहाताचा घाम हे यंत्र नोंदवते. गंमत म्हणजे नाडीच्या लहरी कागदावर उमटवणारे पॉलिग्राफ यंत्र जेम्स मॅकेन्झी या ब्रिटिश डॉक्टरांनी विकसित केले, ते हृदयविकार समजून घेण्यासाठी. मॅकेन्झी माझ्यासारखेच सामान्य व्यवसायी होते. त्या लहरींत लोक पुढे खोटेपणा शोधू लागले.

ती यंत्रे मोजतात ती शरीराची खळबळ. खळबळीचे कारण त्यांना कळत नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांचा रक्तदाब माझ्या टेबलापाशी १५० भरतो आणि घरी १२५. पांढरा कोट पाहिला, की छाती धडधडते. त्यात लबाडी कोणती? थायरॉइडचा विकार, साखर उतरणे, जागरण, मूळचा घाबरट स्वभाव, यांपैकी कशानेही नाडी धावते. उलट रक्तदाबासाठी दिली जाणारी काही औषधे तिला आवर घालतात.

आपल्या पुण्याचेच एक उदाहरण या संदर्भात जगभर चर्चिले गेले. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात निकाल दिला. त्यात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतलेला होता. गुन्ह्याचा 'अनुभव' मेंदूत साठलेला आहे का, हे टोपीतील तारांवरून सांगता येते, असा त्या तंत्राचा दावा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने अशा तपासण्यांची पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचे मत त्याच वर्षी दिले. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. राज्यघटनेचे कलम २०(३) आणि कलम २१ यांचा त्यात भंग होतो.

तो निर्णय पोलिस तपासापुरता आहे, नोकरीच्या प्रश्नावलीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरी त्यामागचा विचार आपण घरात जपण्याजोगा आहे. माणसाचे मन ही त्याची खासगी जागा आहे, तेथे परवानगीवाचून कोणी शिरू नये. खुनाच्या आरोपीला जे संरक्षण आहे, ते कारकुनाच्या जागेसाठी आलेल्या मुलालाही, निदान सौजन्य म्हणून, मिळायला नको का?

सचोटी हा रक्तगट नव्हे

या सर्व चाचण्यांमागे एक गृहीत असते. माणूस एकतर प्रामाणिक असतो किंवा नसतो, जसा रक्तगट 'ए' असतो किंवा 'बी'. हे गृहीत कितपत खरे आहे? अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी १९२०च्या दशकात दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांना वर्गात, खेळात आणि घरी फसवणुकीची संधी मिळेल, असे प्रसंग रचले. वर्गात नक्कल करणारे मूल खेळात सरळ वागले, खेळात गुण वाढवणाऱ्या मुलाने पैशाला हात लावला नाही. एका प्रसंगातील वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगाचा अंदाज फारसा बांधता येईना. स्वभावाचा काहीच वाटा नसतो, असे आजचे संशोधक म्हणत नाहीत. पण प्रसंगाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा असतो.

डोनाल्ड क्रेसी या समाजशास्त्रज्ञाने विश्वासघात करून तुरुंगात गेलेल्या कर्मचाऱ्यांशी प्रदीर्घ बोलून १९५३ साली पुस्तक लिहिले. हे सराईत चोर नव्हते, अनेक वर्षे सचोटीने काम केलेली विश्वासातली माणसे होती. त्यांच्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. कोणाला सांगता येत नाही अशी पैशाची अडचण, हाताशी आलेली संधी आणि 'उसने घेतो आहे, परत ठेवीन' अशी मनाची समजूत.

यातली पहिली गोष्ट मी दवाखान्यात रोज पाहतो. टोमॅटोच्या एका क्रेटला तोडणीचा खर्चही सुटला नाही, म्हणून हप्ता थकलेला तरुण. आईच्या डायलिसिससाठी सावकाराकडे गेलेला पिग्मी एजंट. मोबाइलवरच्या जुगारात पगार घालवून बसलेला आणि बायकोपासून ते लपवणारा. नेमणुकीच्या दिवशी यांची चाचणी घेतली असती, तर सगळेच उत्तीर्ण झाले असते.

माझ्या गल्ल्याची कथा

हे सारे मी दुसऱ्यांना सांगतो आहे, तेव्हा स्वतःचेही सांगितले पाहिजे. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या दवाखान्याच्या गल्ल्यात दोन-तीन दिवसाआड काहीशे रुपये कमी भरू लागले. गल्ल्यावर बसणारा आमचा कंपाउंडर माझ्याकडे एकोणीस वर्षे होता. माझ्या मुलांना त्याने कडेवर खेळवलेले. तरी संशय आला. एका परिचिताने इंटरनेटवरील अशीच एक प्रश्नावली दिली. 'सरकारी कागद आहे, भरून दे' असे खोटे सांगून मी ती त्याच्याकडून भरून घेतली. होय, त्याची सचोटी तपासण्यासाठी मी खोटे बोललो. निकाल आला, 'मध्यम जोखीम'.

पुढचे तीन आठवडे मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. रुग्णाची नाडी माझ्या बोटांखाली आणि लक्ष गल्ल्याकडे. अखेरीस पत्नीने गल्ल्यापाशी एक वही बांधली आणि 'जो पैसा काढील त्याने लिहायचे' असा नियम केला. आठ दिवसांत उलगडा झाला. रक्ताचे नमुने पुण्याला नेणाऱ्या मुलाला आणि इतर किरकोळ देण्यांसाठी गल्ल्यातून पैसे काढणारा मी स्वतःच होतो. घाईत काढत होतो आणि विसरत होतो.

मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "डॉक्टर, तो कागद सरकारी नव्हता, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं." तो अजूनही माझ्याकडे आहे. मात्र त्या दिवसापासून रात्री दवाखाना बंद करताना तो माझ्यासमोर सगळ्या नोटा मोजतो आणि मग घरी जातो. 'याची गरज नाही' असे मी कितीदा तरी सांगितले. तो मोजतोच. रोज रात्री ती मोजणी ऐकणे ही माझी शिक्षा आहे.

जुन्नरहून नाणेघाटात गेलात, तर खिंडीपाशी दगडात कोरलेला मोठा रांजण दिसतो. सातवाहनकाळी घाट ओलांडणारे व्यापारी त्यात जकात टाकीत, असे परंपरा सांगते. रांजण वाटेवरच आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांच्या डोळ्यांसमोर. उघड्यावर टाकलेल्या नाण्याला साक्षीदार असतात. व्यवहार उघड असला, की माणसाला प्रामाणिक राहणे सोपे जाते, एवढे मी त्या रांजणावरून आणि माझ्या वहीवरून शिकलो.

आपण काय करावे?

आपण दुकानदार, आडते, पतसंस्थेचे संचालक किंवा शाळेचे विश्वस्त असाल, तर प्रथम रोजमेळ पाहा. पैसे घेणारा, लिहिणारा आणि तपासणारा ही माणसे वेगळी ठेवा. प्रत्येकाला वर्षातून सलग काही दिवस सक्तीची रजा द्या, म्हणजे त्याचे काम दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. पगार वेळेवर द्या. आजारपणात उचल मागायला संकोच वाटणार नाही, असे वातावरण ठेवा. नेमणूक करताना पूर्वीच्या ठिकाणी प्रत्यक्ष चौकशी करा. चाचणी घ्यायचीच असेल, तर तिचा हेतू आधी सांगा, ती मराठीत आणि आपल्या भागातील लोकांवर पारखलेली आहे का ते विचारा आणि केवळ तिच्या निकालावर कोणाला नाकारू नका. 'अप्रामाणिक' हा शब्द तर कोणत्याही पत्रात लिहू नका.

आपला मुलगा किंवा मुलगी अशी चाचणी देणार असेल, तर रात्रीची झोप पूर्ण होऊ द्या. प्रश्न नीट वाचायला सांगा. निकाल विरुद्ध गेला, तर संस्थेकडे लेखी कारण मागता येते आणि पुन्हा मुलाखतीची विनंती करता येते. मुख्य म्हणजे तो निकाल घरात निवाड्यासारखा वाचू नका. 'काहीतरी केलेच असशील' हे वाक्य आईवडिलांच्या तोंडून ऐकणे मुलाला त्या संदेशापेक्षा जड जाते.

अशा अपमानानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, जेवण सुटले असेल, माणूस चारचौघांत जाणे टाळत असेल, तर डॉक्टरांकडे या. जगणे नकोसे झाल्याची भाषा कानावर आली, तर वाट पाहू नका, त्याला एकटे ठेवू नका. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. असा प्रश्न विचारल्याने वाईट विचार मनात येतो, ही समजूत चुकीची आहे. मी त्या मुलालाही सरळ विचारले होते. तो गप्प राहिला, मग मान हलवली आणि रडला. वडिलांना आत बोलावले. सारे ऐकून ते मुलाला एवढेच म्हणाले, "त्या हिरड्याचं मला तवाच ठावं हुतं. काकानंच सांगितलं हुतं. पोरगं हाय म्हून सोडून दिलं त्यानं."

सहा आठवड्यांत मुलगा सावरला. समुपदेशनाचा उपयोग झाला, झोपेचे औषध मोजके दिवसच लागले. सध्या तो घोडेगावात एका दुकानाचा हिशोब लिहितो. मागच्या महिन्यात पुन्हा आला. दुसऱ्या एका संस्थेची तशीच प्रश्नावली आली होती आणि तोच प्रश्न तीत होता. "डॉक्टर, आता काय लिहू?" त्याने विचारले.

खरे सांगतो, मला चटकन उत्तर देता आले नाही. 'नाही लिही' असे सांगायला जीभ रेटेना आणि 'हो लिही' म्हणताना त्याच्या पडवीतल्या रात्री आठवल्या. मी म्हटले, "घरी जा, वडिलांशी बोल आणि तुला झोप लागेल असे उत्तर लिही."

चार दिवसांनी त्याचा फोन आला. त्याने 'हो' लिहिले होते. निकाल अजून यायचा आहे. रात्री झोप लागते, असे मात्र त्याने न विचारताच सांगितले.